संघर्षग्रस्त प्रदेशातील सहली आणि काळा विनोद: हसायचे तर कोणाला?

लेखनकामाठी (मूळ प्रश्न)

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी विनोदी लेख लिहिताना मी मध्येच अडलो आहे, आणि पुढे जाण्यापूर्वी येथील जाणत्या मंडळींचे मत घ्यावे असे वाटले. लेखाची कल्पना साधी आहे. आपल्याकडील सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांची ती लाघवी भाषा घ्यायची आणि तिच्यात अफगाणिस्तानची आठ दिवसांची सहल विकायची. नमुन्यादाखल थोडा भाग देतो.

"दिवस तिसरा: सकाळी पोहे, उपमा व चहा. तदनंतर बामियानकडे प्रयाण. तेथील जगप्रसिद्ध बुद्धमूर्तींच्या जागा पाहणे (मूर्ती २००१ पासून उपलब्ध नाहीत). रिकाम्या कोनाड्यांसमोर समूह छायाचित्र. दिवस चौथा: बंद-ए-अमीरच्या निळ्याशार तलावात हंसाच्या आकाराच्या होडीतून नौकाविहार. महिला प्रवाशांसाठी त्याच वेळेत हॉटेलवर हळदीकुंकू. रात्री संपूर्ण महाराष्ट्रीय भोजन. जैन भोजन हवे असल्यास आगाऊ कळवावे. प्रवाशांनी आपल्या सामानाची व प्राणांची काळजी स्वतः घ्यावी."

यातील पोहे आणि हळदीकुंकू माझे. बाकी फारसे रचावे लागलेले नाही. बामियानच्या कड्यात कोरलेल्या सुमारे ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या मूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, आणि आज त्याच तालिबानच्या राजवटीत, मूर्ती होत्या तेथील पोकळी पाहण्यासाठी पाहुण्यांना तिकीट काढावे लागते. बंद-ए-अमीर या त्या देशाच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात ऑगस्ट २०२३ पासून स्त्रियांना मज्जाव आहे. मात्र २०२१ मध्ये सत्तापालट झाल्यावर खांद्याला बंदुका अडकवलेले तालिबानी तेथील हंसाच्या होड्यांत बसून पायडल मारत असल्याची छायाचित्रे जगभर फिरली होती. ऑगस्ट २०२१ मध्येच एक ब्रिटिश विद्यार्थी इंटरनेटवर जगातील सर्वांत धोकादायक देशांची यादी शोधून सुट्टीसाठी काबूलला पोहोचला, आणि शहर पडल्यावर त्याला विमानाने बाहेर काढावे लागले. देशाटनाने चातुर्य येते असे आपण शाळेत पाठ केले होते. या गृहस्थांनी बहुधा ते वाचनालयात ठेव म्हणून जमा केले असावे.

संपादकांनी हस्तलिखिताच्या समासात एकच ओळ लिहून ते परत पाठवले: "हा विनोद कोणावर आहे? मे २०२४ लक्षात आहे ना?" १७ मे २०२४ रोजी बामियानच्या बाजारात झालेल्या गोळीबारात तीन स्पॅनिश पर्यटक मारले गेले आणि त्यांच्याबरोबर अफगाण माणसेही मारली गेली. ती ओळ वाचल्यापासून मला माझाच तिसरा दिवस वाचवेना. लेख सोडून द्यावा, की यातून काही मार्ग आहे?

ओसरीवरचा

मार्ग एकच आहे: सोडून द्यावा. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याला आपल्या भाषेत पूर्वीपासून शब्द आहेत, त्यास नवे साहित्यिक नाव देण्याची गरज नाही. जेथे लोक खरोखर मरत आहेत, तेथील गोष्टींवर फराळाच्या ताटाशेजारी बसून हसणे मला तरी जमणार नाही.

डॅन्यूबकाठी

ओसरीवरचा यांचा संताप मला समजतो. तरीही ज्यांच्यावर हे संकट प्रत्यक्ष कोसळले होते, त्यांनी यापेक्षा कितीतरी जहाल विनोद केलेले आहेत आणि ते त्यांनी परदेशी पाहुण्यांच्या तोंडावर केलेले आहेत, एवढे सांगण्यासाठी हा प्रतिसाद देत आहे.

मी गेली अकरा वर्षे व्हिएन्नात राहतो. येथून बोस्नियाची राजधानी सारायेव्हो विमानाने जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे, आणि आतापर्यंत तीन वेळा तेथे गेलो आहे. पहिल्या खेपेस मीही तुमच्या माहितीपत्रकातील प्रवासी होतो, हे मान्य करायला हवे. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस त्या शहराला सभोवतालच्या डोंगरांवरून बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा पडला होता, आणि आता त्या वेढ्याच्या अर्ध्या दिवसाच्या सहली मिळतात. विमानतळाच्या धावपट्टीखालून खणलेला सुमारे ८०० मीटर लांबीचा बोगदा हे त्यातील मुख्य आकर्षण. १९९३ च्या उन्हाळ्यात तो पूर्ण झाला, आणि अन्न, शस्त्रे, जखमी माणसे, इंधन, सर्व काही त्यातूनच ये-जा करत असे. आज त्याचा लहानसा तुकडाच पाहुण्यांसाठी उघडा आहे. आत शिरल्यावर तिसऱ्या-चौथ्या पावलाला माझे कपाळ वरच्या तुळईवर आपटले, एवढ्या जोरात, की मागून येणारी जर्मन बाई "अरेरे" अशा अर्थाचे काहीतरी म्हणाली. आमचा मार्गदर्शक वळलासुद्धा नाही. "त्या तुळईला सगळ्या जगाने डोके आपटले आहे," तो म्हणाला, "आम्ही कधी आपटले नाही. पाठीवर पन्नास किलो पीठ असले की माणूस आपोआप वाकून चालतो." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना कपाळ चोळत होतो, त्यामुळे विनोद कोणावर होता याविषयी माझ्या मनात संदेह उरला नाही.

परतीच्या वाटेवर त्यानेच मुयो आणि सुल्यो यांचा किस्सा सांगितला. बोस्नियात या दोघांचे स्थान आपल्याकडील बंड्या आणि गण्यासारखे आहे. वेढ्याच्या दिवसांत मुयो अंगणात झोपाळ्यावर बसून जोरजोरात झोके घेत असतो. सुल्यो घाबरून विचारतो, "अरे, हे काय चालवले आहेस?" मुयो म्हणतो, "काही नाही, डोंगरावरच्या नेमबाजाची जरा फिरकी घेतोय."

याच शहरातील काही मंडळींनी वेढा चालू असतानाच, १९९३ मध्ये, प्रवासी मार्गदर्शिकेच्या थाटाची एक पुस्तिका तयार केली होती. राहावे कोठे, प्यावे काय, पाणी कोठे मिळते, मदतीच्या पाकिटांतून रांधावे काय, रस्ता ओलांडावा कसा (धावत), हे सर्व त्यात शांतपणे, एखाद्या उत्तम प्रकाशनाला शोभेल अशा सुरात दिलेले आहे. लेखनकामाठी, तुमच्या लेखाची कल्पना मुळात त्यांची आहे. फरक इतकाच की ते लिहिणारे त्या हॉटेलातून निघून जाऊ शकत नव्हते.

आणखी एक वस्तू पाहण्यासारखी आहे. इतिहास संग्रहालयाजवळ मदतीतून आलेल्या गोमांसाच्या डब्याचा भला मोठा पुतळा उभा आहे. होय, डब्याचा. तो २००७ मध्ये उभारला गेला, आणि खाली लिहिले आहे की हे सारायेव्होच्या कृतज्ञ नागरिकांकडून आंतरराष्ट्रीय समुदायास अर्पण. ते मांस कुत्र्यामांजरांनीही तोंडात धरले नाही असे स्थानिक लोक अतिशय आनंदाने सांगतात. त्या पुतळ्यासमोर उभे राहून पर्यटक स्वतःची छायाचित्रे काढतात, म्हणजे 'आंतरराष्ट्रीय समुदाय' स्वतःच्याच पुतळ्याशेजारी हसतमुखाने उभा राहतो, आणि हा विनोद रोज नव्याने घडत राहतो.

मात्र हसण्याची हद्द कोठे संपते हेही तेथेच कळले. वेढ्याच्या काळात काही श्रीमंत परदेशी माणसे पैसे मोजून डोंगरावर येत आणि खालच्या माणसांवर गोळ्या झाडत, असा आरोप अनेक वर्षे होत आहे, आणि २०२५ मध्ये मिलान येथील सरकारी वकिलांनी त्याची चौकशी सुरू केली. आरोप सिद्ध व्हायचा आहे. मी एकदा त्याच मार्गदर्शकाला याविषयी विचारले, तर मुयो-सुल्योचे किस्से सांगणारा तो माणूस गाडीचा आरसा नीट करत राहिला आणि पुढचे थांब्याचे ठिकाण सांगू लागला. २०१२ मध्ये त्या शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, वेढ्यात गेलेल्या प्रत्येकासाठी एक. मुलांसाठीच्या खुर्च्या लहान होत्या. त्यावर विनोद झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

जुनी_बखर

वरील प्रतिसाद उत्तम. मी थोडे मागे नेतो, कारण हे वेड आजचे आहे अशी समजूत होऊ नये.

२१ जुलै १८६१ रोजी अमेरिकी यादवी युद्धातील पहिली मोठी लढाई बुल रन ओढ्याच्या काठी झाली, तेव्हा सुमारे ४० किलोमीटरवरील वॉशिंग्टनमधून खासदार आणि प्रतिष्ठित नागरिक घोडागाड्यांतून, खाण्याच्या करंड्या आणि नाटकगृहात वापरायच्या दुर्बिणी घेऊन ती पाहण्यासाठी गेले होते. आपली बाजू तासाभरात जिंकेल आणि सायंकाळच्या जेवणाला घरी परतता येईल, असा हिशेब होता. उत्तरेच्या सैन्याची पांगापांग झाली आणि पळणारे सैनिक व पळणाऱ्या बग्ग्या एकाच रस्त्यावर अडकल्या. न्यूयॉर्कचे खासदार आल्फ्रेड ईली हे तर शत्रूच्या हाती सापडले आणि पुढे कित्येक महिने रिचमंडच्या तुरुंगात राहिले. युद्धस्य कथा रम्या. पण त्या दुरून, आणि ते 'दुरून' किती असावे याचे गणित नेहमीच पाहुण्याचे चुकते.

विनोदाच्या दृष्टीने मात्र तुम्हाला अधिक उपयोगी पडेल ते पहिल्या महायुद्धातील, फ्रान्समधील व्हर्दूनचे उदाहरण. १९१६ च्या त्या लढाईत सुमारे तीन लाख सैनिक मेले. ओळख न पटलेल्या १ लाख ३० हजार सैनिकांच्या अस्थी तेथील दुओमाँच्या अस्थिगृहात आहेत. पाच वर्षांनी, १९२१ मध्ये, एका स्विस वर्तमानपत्राने आपल्या वाचकांसाठी त्या रणभूमीची मोटारसहल जाहीर केली: जाहिरातीसाठी खास दर ११७ फ्रँक, त्यात न्याहारी, जेवण, वाइन, कॉफी आणि बक्षिशीसुद्धा. व्हिएन्नाचा उपहासकार कार्ल क्राउस याने ती जाहिरात आपल्या नियतकालिकात जशीच्या तशी छापली आणि तिच्याखाली आपले भाष्य लिहिले. शंभर वर्षांनंतर वाचताना भाष्यापेक्षा ती जाहिरातच अधिक बोचते, कारण तिच्यातील 'बक्षीस समाविष्ट' हे दोन शब्द कोणत्याही विनोदी लेखकाला सुचले नसते. म्हणून माझी सूचना अशी, की तुमच्या माहितीपत्रकात जेथे जेथे तुम्ही कल्पना लढवली आहे तेथे ते दुबळे झाले आहे. पोहे काढा. तिकीटखिडकी ठेवा. बामियानच्या त्याच मूर्तींची १९६९ ते १९७६ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याच्या मंडळींनी अफगाण सहकाऱ्यांसह डागडुजी केली होती, हेही कोठेतरी येऊ द्या; आपण शिलालेखासारखे जपून ठेवले ते ज्यांनी उडवले, तेच आता त्याच पोकळीचे दर्शन आपल्यालाच तिकीट लावून विकत आहेत.

आता अवांतर वाटेल, पण नाही. आपल्या इतिहासातही एक सहल आहे, आणि तिच्यावर विनोद करण्याचे धाडस मराठीत कोणी केल्याचे आठवत नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर हजारो यात्रेकरू उत्तरेस निघाले. बायका, मुले, म्हातारी माणसे. मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी असा बेत. एवढ्या मोठ्या फौजेच्या सोबतीने जाणे म्हणजे वाटेत चोरदरोड्यांची भीती नाही, असा त्यांचा सरळ विचार होता, आणि त्या काळाच्या मानाने तो मुळीच मूर्खपणाचा नव्हता. कुंजपुरा जिंकल्यावर कुरुक्षेत्राचे स्नान अगदी हाताच्या अंतरावर आले होते, तोच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते येथे सांगायला नको. पेशव्यांकडे गेलेल्या त्या प्रसिद्ध सावकारी पत्रात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, असे लिहिले होते. तो खुर्दा म्हणजे काही प्रमाणात हेच यात्रेकरू. आपल्या संपादकांनी समासात विचारलेला प्रश्न मला त्या खुर्द्याशी जोडलेला वाटतो: स्पॅनिश पर्यटकांचा आकडा आपल्याला लगेच आठवतो, आणि अफगाण माणसांसाठी मात्र तुमच्या प्रश्नातही 'माणसेही' एवढेच आले आहे.

कलम_सतरा

जुनी_बखर यांच्या शेवटच्या वाक्याने मलाही थोडे टोचले, कारण माझ्या पूर्वीच्या व्यवसायात माणसांचे आकडेच होते. एका विमा कंपनीच्या कार्यालयात सव्वीस वर्षे प्रवास विम्याचे दावे तपासण्यात गेली. काळ्या विनोदाचा उत्तम नमुना हवा असेल तर कोणत्याही प्रवास पॉलिसीतील 'पुढील बाबींसाठी भरपाई मिळणार नाही' हा भाग वाचावा. युद्ध, आक्रमण, परकी शत्रूचे कृत्य, शत्रुत्वाच्या हालचाली (युद्ध घोषित झालेले असो वा नसो), यादवी, बंड, क्रांती, लष्करी किंवा बळकावलेली सत्ता, असे ते कलम चालते. मी ते इतक्या वेळा वाचले आहे की आरतीसारखे तोंडपाठ आहे, आणि चालही तशीच लागते. त्या कंसातील शब्दांचे मला विशेष कौतुक वाटत असे. मेलेल्या माणसाला युद्ध घोषित झाले होते की नव्हते याने काही फरक पडत नाही, हे सत्य कोण्या तत्त्वज्ञाने एवढ्या थोडक्यात मांडलेले नाही.

एकदा एका तरुणाने आमच्या खिडकीवर येऊन अत्यंत गंभीरपणे विचारले होते की, अशा प्रदेशात गेलो आणि अपहरण झाले तर क्लेमच्या अर्जावर सही कोणाची लागेल. मी म्हणालो, मूळ पॉलिसीधारकाची. तो वहीत लिहून घेऊ लागला, तेव्हा माझ्या शेजारच्या बाई उठून चहाला निघून गेल्या.

परंतु त्याच यादीत आणखी एक ओळ असते. जाणूनबुजून स्वतःला असाधारण धोक्यात घातल्यास भरपाई नाही, 'मानवी प्राण वाचवण्याच्या प्रयत्नाचा अपवाद वगळता'. नोकरीत असताना तो अपवाद मला शोभेचा वाटे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जण मारले गेले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातील होते. त्या २६ जणांत एक स्थानिक घोडेवाला होता, आणि तो पर्यटकांना वाचवण्यासाठी हल्लेखोराशी झटला. वर्तमानपत्रात ते वाचले तेव्हा मला ती ओळ आठवली. त्या घोडेवाल्याकडे पॉलिसी असण्याचा प्रश्नच नव्हता.

हे येथे सांगण्याचे कारण असे, की सर्व पर्यटकांना एका दोरीने बांधू नये. बैसरनला गेलेली माणसे थरार शोधायला गेली नव्हती. मुलांच्या परीक्षा संपल्या, थंड हवेत चार दिवस जाऊ, एवढाच विचार होता. जुनी_बखर यांच्या यात्रेकरूंसारखाच. त्यांच्यावर विनोद करू पाहाल तर मी ओसरीवरचा यांच्या शेजारी येऊन बसेन. ज्याला धोकाच पाहायचा आहे, जो धोका वहीत टाचून आणि दर विचारून जातो, तो खुशाल घ्या.

ओसरीवरचा

माझे मत फार बदललेले नाही. पण डब्याचा पुतळा मला पाहायला आवडेल.

लेखनकामाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओसरीवरचा, तुमचा आक्षेप मी लेखाच्या सुरुवातीसच तुमच्याच शब्दांत देणार आहे, अर्थात परवानगी असल्यास. जुनी_बखर यांनी दाखवलेली चूक खरी आहे. संपादकांची ओळ वाचून मी अस्वस्थ झालो होतो, आणि तरीही प्रश्न लिहिताना मीच तो हिशेब मोती आणि खुर्दा असा मांडला.

हस्तलिखिताची नवी आवृत्ती काल रात्री केली. पोहे गेले, जैन भोजन गेले. हळदीकुंकू ठेवले आहे, कारण ते बंद-ए-अमीरच्या बंदीवर बोट ठेवते आणि ते काढले तर ती बंदी नुसती बातमी होऊन बसते. याविषयी कोणाचे दुमत असल्यास कळवावे. बाजारात विकत घेण्याच्या वस्तूंमध्ये अफगाण गालिचे घातले आहेत, ज्यांवर १९७९ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर तेथील विणकरांनी फुलापानांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टर आणि कलाश्निकोव्ह विणायला सुरुवात केली, आणि जे परदेशी पाहुणे आवडीने दिवाणखान्यात अंथरतात. सहलीचे नायकपदही प्रवाशाकडून काढून स्थानिक मार्गदर्शकाकडे दिले आहे. तो चौकीवर पाहुण्यांच्या वतीने बोलतो, पाहुणे छायाचित्र घेत असताना त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहतो, आणि 'इथे खरंच धोका आहे ना?' असे त्यांनी उत्साहाने विचारले की त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून 'हो' म्हणतो.

शेवटचा परिच्छेद आता असा आहे:

"सहलीच्या शुल्कात समाविष्ट: निवास, भोजन, सर्व ठिकाणची प्रवेश तिकिटे, बक्षीस व परतीचे विमान तिकीट. मार्गदर्शक, चालक व स्वयंपाकी यांना शेवटची सुविधा लागू नाही."